आगाऊ भरलेले ताट आणि सोबतची शिदोरी

शाळांना उन्हाळी सुटी लागली की भुलेश्वर, सी. पी. टँक आणि फणसवाडी या भागातील खाखरा-फरसाणाच्या दुकानांसमोर संध्याकाळी एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. हातात यादी, खांद्याला कापडी पिशवी, सोबत एखादे उतावीळ मूल आणि तराजूवर एकामागून एक चढणारे पुडे: साधा खाखरा, मेथीचा खाखरा, सुखडी, गाठिया, शेवमुरमुरे, पापड, मुखवास. कुठे निघालात, म्हणून दुकानदार विचारतो. उत्तर मिळते, "खोपोलीला, तीन दिवस. हॉटेलात तिन्ही वेळचे जेवण पॅकेजमध्येच आहे." त्या उत्तरातील विसंगती ना सांगणाऱ्याला जाणवते, ना ऐकणाऱ्याला. दुकानदार शांतपणे पुढचा प्रश्न करतो, "मग अर्धा किलो देऊ की किलो?"

घरी परतल्यावर मात्र कॉलेजात जाणारा मुलगा ती विसंगती बोलून दाखवतोच. प्रत्येक ताटाचे पैसे आधीच भरलेले असताना हा दुसरा खर्च आणि हे ओझे कशासाठी? आजीला हा प्रश्न आचारावरचा आक्षेप वाटतो, आईला तिच्या मेहनतीवरचा आणि वडिलांना त्यांच्या व्यवहारज्ञानावरचा. तिघेही आपापल्या परीने उत्तर देतात आणि प्रश्न जागच्या जागी राहतो. व्यापारी घराण्यात असा प्रश्न हिशेबाच्या भाषेत मांडून पाहिलेला बरा. कारण त्यात धर्म आहे, पैसा आहे आणि घरातील स्त्रीची सुटीही आहे.

ताटाचे तीन व्यवहार

गिरगावापासून लालबाग-परळपर्यंतच्या मुंबईने जेवणाचे तीन प्रकारचे व्यवहार पाहिले आहेत. पहिला डब्याचा. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था या शहराचा एक स्वभावच सांगते: माणूस कामासाठी कितीही दूर गेला तरी दुपारी त्याला घरचेच अन्न हवे. येथे पैसे मोजले जातात ते वाहतुकीचे. अन्न स्वतःचे, स्वयंपाकघर स्वतःचे, नियमही स्वतःचे.

दुसरा व्यवहार उधारीचा. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार लालबाग-परळच्या खाणावळींत जेवत. महिनाभर जेवण आधी आणि पगार झाल्यावर पैसे, अशी रीत होती. खाणावळ चालवणारी बाई तोवर वाण्याकडून धान्य उधार आणी. म्हणजे कामगाराच्या एका भाकरीमागे दोन उधाऱ्या उभ्या असत आणि दोन्हींचा भार त्या बाईवर येई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्जाची वाट दाखवली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले आणि खाणावळीची ती रीतही आटली.

तिसरा व्यवहार आगाऊ पैशांचा. त्याचा उगम परदेशात आहे. इंग्लंडमधील थॉमस कुक यांनी १८४१ मध्ये लेस्टर ते लफबरो अशी सामुदायिक रेल्वे सहल काढली आणि १८६८ मध्ये हॉटेलातील निवास-भोजनासाठी आगाऊ पैसे भरून घ्यावयाची कूपने सुरू केली. १८८१ मध्ये त्यांच्या कंपनीने मुंबईत कचेरी उघडली. आज सहल कंपनीच्या पत्रकात "सर्व जेवणांसह" हे जे दोन शब्द ठळक छापलेले असतात, ते त्या कूपनाचेच वंशज आहेत.

या तीन व्यवहारांतील फरक व्यापाऱ्याला चटकन उमगेल. उधारीत जोखीम वाढणाऱ्याची असते. आगाऊ व्यवहारात ती जेवणाऱ्याची होते. ताट वेळेवर आले नाही, मनाजोगे आले नाही, किंवा आले पण आचाराला चालले नाही, तरी भरलेले पैसे परत येत नाहीत. हॉटेलचाही त्यात दोष नसतो. माणसे मोजून त्याने माल भरलेला असतो आणि कोण किती खाईल याची सरासरी धरून दर ठरवलेला असतो. मात्र त्या सरासरीत सूर्यास्तापूर्वी जेवणारी आजी धरलेली नसते.

पत्रक आणि पंगत यांतील अंतर

आगाऊ पैसे भरले म्हणजे ताटाची किंमत चुकती झाली. गरज भागली असे नव्हे. जैन कुटुंबाच्या बाबतीत या दोहोंत तीन ठिकाणी अंतर पडते.

पहिले अंतर वेळेचे. मेच्या मध्यास मुंबईत सूर्यास्त सुमारे सात वाजून पाच मिनिटांनी होतो. डिसेंबरअखेरीस सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. सुटीच्या ठिकाणी रात्रीचे बुफे साधारणतः साडेसात-आठला उघडतात. चोविहार पाळणाऱ्यासाठी ते ताट भरलेले असूनही बंदच असते. सकाळी अडचण कमी. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते; मेमध्ये ती सातच्या आत होते आणि डिसेंबरअखेरीस आठच्या सुमारास, तोवर नाश्ता मांडलेला असतो. म्हणजे खरा तुटवडा संध्याकाळचा आहे. परदेशात हे गणित बदलते. सिंगापूरला वर्षभर सूर्यास्त सातच्या आसपास असतो, तर जूनअखेरीस पॅरिसला तो जवळपास दहाला होतो; तेथे चोविहार पाळणाऱ्यालाही रात्रीचे ताट मिळू शकते. निघण्यापूर्वी त्या गावची सूर्यास्ताची वेळ पाहून ठेवणे, हे हवामान पाहून ठेवण्याइतकेच आवश्यक आहे.

दुसरे अंतर स्वयंपाकघराचे. हॉटेलच्या पाटीवर "जैन" म्हणजे बहुधा कांदा, लसूण, बटाटा वगळलेला पदार्थ. गाजर, बीट, मुळा, ओले आले यांचा विचार झालाच असेल असे नाही. तळण्याचे तेल वेगळे आहे का, पुलाव आणि रस्सा यांना पळी एकच आहे का, डाळीच्या वड्यावर न तापवलेले दही घातले आहे का, या प्रश्नांची उत्तरे पाटीवर नसतात. विमानात तरी व्हीजेएमएल या सांकेतिक नावाने जैन जेवण आधी नोंदवता येते. हॉटेलात ही नोंद शब्दांत आणि लेखी करावी लागते.

तिसरे अंतर भुकेचे. पाळण्यांवर आणि घसरगुंड्यांवर दिवस घालवलेल्या मुलाला भूक लागते ती बुफेच्या वेळापत्रकाप्रमाणे लागत नाही. दुपारी चारला रांगेत उभे असताना लागते.

मराठीत या अंतराच्या तरतुदीला शिदोरी म्हणतात, गुजरातीत भातुं, संस्कृतात पाथेय. उत्तराध्ययन सूत्राच्या एकोणिसाव्या अध्ययनात मृगापुत्र आपल्या मातापित्यांना हाच दृष्टान्त देतो: पाथेय न घेता लांबच्या वाटेला लागलेला प्रवासी भूकतहानेने कष्टी होतो; पाथेय घेऊन निघालेला सुखाने जातो. तेथे पाथेय म्हणजे धर्म हे उघडच आहे. पण दृष्टान्त पटावा यासाठी ऐकणाऱ्याला खरी शिदोरी ठाऊक असावी लागते. ती सवय या समाजात फार जुनी आहे, म्हणून आजीची पिशवी हा केवळ हट्ट मानू नये.

पिशवीचा हिशेब

सवय जुनी असली तरी प्रमाण तपासून पाहण्यास हरकत नसावी. उदाहरणादाखल गिरगावातील पाच जणांचे एक कुटुंब धरू: आजी, मुलगा, सून आणि दोन मुले. दोन रात्री, तीन दिवस. पहिल्या दिवशी दुपारचे व रात्रीचे जेवण, दुसऱ्या दिवशी तिन्ही वेळा, तिसऱ्या दिवशी सकाळचे व दुपारचे. माणशी ७ वेळा, एकूण ३५ ताटे. आजी, सून आणि मोठी मुलगी चोविहार पाळतात. म्हणजे दोन रात्रींची मिळून ६ ताटे न वापरता जाण्याचा धोका आहे. उरलेली २९ ताटे वेळेच्या दृष्टीने तरी निर्वेध आहेत.

आता पिशवी. ६ ताटांच्या जागी माणशी २०० ग्रॅम कोरडे अन्न धरले तर सव्वा किलोच्या आत. अवेळी भुकेसाठी पाच जणांना तीन दिवस रोज ६० ग्रॅम म्हणजे ९०० ग्रॅम. वाटेत गाडी अडकली, जेवण बिघडले, तर राखीव म्हणून अर्धा किलो. बेरीज सुमारे २ किलो ६०० ग्रॅम. प्रत्यक्षात घरोघरी निघणाऱ्या पिशव्या याच्या तिप्पट-चौपट असतात. कारण त्या ६ ताटांसाठी भरलेल्या नसतात, ३५ ताटांसाठी भरलेल्या असतात.

बँका लोकांच्या ठेवींतील ठरावीक हिस्सा रोख राखीव निधी म्हणून रिझर्व्ह बँकेकडे ठेवतात. तो नसेल तर अडचणीच्या दिवशी पंचाईत. पण सगळ्याच ठेवी राखीव ठेवल्या तर बँक चालणार कशी? शिदोरीचे तसेच आहे. ती राखीव निधी असावी, समांतर स्वयंपाकघर नव्हे.

ती ६ ताटेही वाया घालवावीच लागतात असे नाही. हॉटेल व्यवसायात दरांचे चार ठरीव प्रकार असतात. ईपी म्हणजे केवळ खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक मुख्य जेवण. एपी म्हणजे तिन्ही वेळचे जेवण. एमएपीतील मुख्य जेवण बहुधा रात्रीचे धरलेले असते. ते दुपारचे करून मिळेल का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे. चोविहार पाळणाऱ्यांपुरते जेवण सूर्यास्तापूर्वी वाढता येईल का, हेही लेखी विचारावे. पंधरा-वीस कुटुंबांचा गट असेल तर हॉटेल बहुधा राजी होते. एकट्या कुटुंबाला नकार आला तर तो पैसे भरण्यापूर्वी कळतो. पेढीवर मालाच्या दरासाठी चार फोन करणारा माणूस सहलीचे पैसे मात्र एका बैठकीत भरून मोकळा होतो, ही नवलाची गोष्ट आहे.

गिरगाव, लालबाग, दादर

अडीच किलो नेमके कशाचे, हे ठरवायला मुंबईइतके सोयीचे शहर दुसरे नसेल. गिरगाव-भुलेश्वरात खाखरा आणि सुखडी, लालबागला चिवडा आणि मसाला, दादरला घरगुती मराठी पदार्थ. एका दुपारी तिन्ही ठिकाणे होतात.

गिरगावचे या बाबतीतले स्थान ऐतिहासिक आहे. १५ मार्च १९५९ रोजी येथल्याच लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापडाचा गृहउद्योग उभा राहिला. घराबाहेर विकत मिळणारे पण घरच्या हातचे अन्न ही कल्पना या गल्ल्यांनी फार पूर्वी आपलीशी केली आहे.

खरेदी करताना वेष्टनावरील "अमुक तारखेपर्यंत उत्तम" या ओळीपेक्षा उत्पादनाची तारीख पाहावी. श्वेतांबर परंपरेत खाखरा, मिठाई, पीठ यांचा काळ हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवसांचा मानतात. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा अधिक काटेकोर आहे: हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. कारखान्यातील वेष्टन सहा महिन्यांची ग्वाही देत असले तरी काळाचा हिशेब पदार्थ बनला त्या दिवसापासूनच चालू होतो. मेच्या सहलीसाठी एप्रिलच्या आरंभी भरून ठेवलेला डबा म्हणूनच उपयोगाचा नाही.

येथे थेपल्याविषयी एक शब्द. प्रवासाची शिदोरी म्हटली की थेपला डोळ्यांसमोर येतो. पण त्यात पाण्याचा अंश असतो आणि काटेकोर आचारात रात्र उलटली की तो वासी ठरतो. तेव्हा थेपला पहिल्या दिवसापुरता, बसमध्ये आणि दुपारी चारच्या भुकेला. पुढल्या दोन दिवसांसाठी खाखरा, आणि पाण्याविना तूप-गुळात होणारी सुखडी. दोनशे थेपले लाटण्याचा उपद्व्याप या एका नियमानेच निम्म्याहून कमी होतो.

लालबागेत चिवडा गल्लीतून जाताना पातळ पोह्यांचा, भाजक्या पोह्यांचा, मक्याचा असे ढीग दिसतात. त्यांत बटाट्याच्या सळ्यांचाही चिवडा असतो आणि लसणाच्या पाकळ्या टाकलेलाही. रंगावरून फसगत होते, म्हणून विचारून घ्यावे. जवळच मसाल्याच्या बाजारात मे महिन्यात मिरची कांडप यंत्रांचा आवाज आणि ठसका यांनी रस्ता भरून जातो. येथल्या कांदा-लसूण मसाल्याशी काही घेणे नसले तरी गोडा मसाला कांदा-लसणाविना होतो. आणि दुकानदाराला आधी सांगितले तर हवा तसा मसाला समोर कुटून मिळतो. खोलीत केवळ वरण-भात मिळाला तरी चिमूटभर चांगल्या मसाल्याने तो घरचा वाटतो. हे कामगारही जाणत होते. गावाहून परतताना त्यांच्या ट्रंकेत मसाल्याची पुरचुंडी असे.

दादर स्थानकाबाहेर रानडे मार्गाच्या आसपास भाजणी, कडबोळी, शंकरपाळी आणि मेतकूट मिळते. मेतकूट ही शिदोरीतली सर्वांत हलकी आणि उपयोगी वस्तू. पन्नास ग्रॅममध्ये चार जणांचा भात रुचकर होतो. मात्र दादरच्या घरांत ते दह्यात कालवण्याची पद्धत आहे. मेतकुटात भाजलेल्या डाळी असतात आणि कच्च्या दह्याशी त्यांचे द्विदल होते. जैन ताटात ते गरम भातावर, तुपासोबतच घ्यावे.

फाटकाशी

दादरहून निघालेली बस द्रुतगती मार्गाने घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोचते. खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. पुढे तेथेच जलउद्यान आणि हॉटेल आले. मुंबईच्या मुलांना आता सुटी म्हटली की हे नाव प्रथम आठवते. अशा उद्यानांच्या फाटकाशी पिशव्या तपासल्या जातात आणि बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ दिले जात नाहीत.

येथे शिदोरीची खरी परीक्षा होते. जॅकेटच्या आतल्या खिशात, तान्ह्या मुलाच्या दुपट्याखाली, टॉवेलच्या घडीत खाखऱ्याची पुडी लपवून नेण्याच्या कथा मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात. रात्रिभोजन टाळण्यासाठी नेलेला खाखरा असत्याच्या वेष्टनात गुंडाळून आत न्यावा, यातील विसंगती मात्र मुले लगेच टिपतात. खाखऱ्याची चव त्यांच्या लक्षात राहत नाही; आजीच्या शालीखाली काय होते ते राहते.

नियम योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतो आणि तो उघडपणे मांडता येतो. चित्रपटगृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी निर्णय दिला की बाहेरचे अन्न नाकारण्याचा हक्क मालकाला आहे. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य द्यावे आणि तान्ह्या बाळाचे अन्न अडवू नये. जगभर रिवाज निरनिराळे आहेत. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये घरचा डबा आत नेता येत नाही; तो खाण्यासाठी फाटकाबाहेर जागा राखलेली आहे. फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डमध्ये जेवणाची आगाऊ योजना असूनही गरम करावे लागत नाहीत असे पदार्थ नेऊ देतात. काचेचे भांडे तेवढे नको. शांघायच्या डिस्नेलँडने आधी मनाई केली होती. कायद्याच्या एका विद्यार्थिनीने दावा लावला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये नियम सैल झाला. तिने बिस्किटे लपवली नाहीत; तिने प्रश्न विचारला. पत्र लिहून, आधी विचारून, आजीच्या व्रताचे कारण स्पष्ट सांगून परवानगी मागणे हा मार्ग खोपोलीलाही खुला आहे. नकार आला तर पिशवी बसमध्ये किंवा खोलीत ठेवून, वेळेचा मेळ घालून बाहेर येऊन खाता येते.

याच समाजाला नियमापुढे पिशवी खाली ठेवणे अवघड जाते असेही नाही. पालिताण्याला शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढताना कोणी खाण्याची पुडी बरोबर घेत नाही. डोंगरावर खायचे नसते, हे लहान मूलही जाणते. यात्रा करून खाली उतरल्यावर पायथ्याशी भाताघरात भाता मिळतो आणि त्याची गोडी वेगळीच लागते. तेथे कोणी पिशवी तपासत नाही, तरीही नियम पाळला जातो. करमणुकीच्या उद्यानाला तीर्थाची बरोबरी नाही. पण मुलांपुढे घालून द्यायचा वस्तुपाठ दोन्हीकडे एकच आहे.

कोणाची सुटी?

या हिशेबातील सर्वांत मोठी रक्कम कोणत्याच पावतीवर येत नाही. सहलीच्या आधीचे दोन दिवस घरातील स्त्री चुलीपुढे असते. पिशव्या तीच भरते, खोलीत तीच उघडते, सूर्यास्तापूर्वी आजीला तीच वाढते आणि उद्यानात पाळण्याच्या रांगेत सगळे उभे असताना पिशवीजवळ बहुधा तीच बसलेली असते. आगाऊ भरलेल्या जेवणाचे पैसे खरे तर कशासाठी होते? चवीसाठी नव्हे; घरी त्याहून चांगले मिळते. ते तिच्या तीन दिवसांच्या विश्रांतीसाठी होते. दहा किलोची पिशवी ती विश्रांती परत घेते. ६ ताटांची काळजी करणाऱ्या घराने या तोट्याचीही नोंद करायला हवी.

म्हणून शिदोरी शक्य तेवढी विकत घ्यावी. गिरगाव-दादरच्या गृहउद्योगांत खाखरा लाटणाऱ्या स्त्रीला त्यातून मजुरी मिळते आणि घरच्या स्त्रीला सुटी. घरी करायचे असेल तर एक-दोनच पदार्थ करावेत आणि त्यांत सर्वांचा हात असावा. पिशवीही आळीपाळीने सांभाळावी. अनेक कुटुंबे मिळून निघत असतील तर पदार्थ वाटून घ्यावेत. सहा घरांनी सहा डबे चिवडा आणण्यापेक्षा एकाने चिवडा, एकाने सुखडी, एकाने मुखवास, असे ठरवता येते.

बुफेच्या ताटाचाही विचार याच ठिकाणी करावा. पैसे भरलेत, मग वसूल करू, या भावनेने ताट भरले जाते आणि अर्धे टाकले जाते. वर पिशवीतले असतेच. भरलेली रक्कम जादा वाढून घेतल्याने परत येत नाही. उष्टे टाकलेले अन्न आणि त्यात होणारी जीवहिंसा तेवढी खात्यात वाढते. ज्या घरात ताट धुऊन पिणारे आजोबा होते, त्या घरातील मुलांना हे वेगळे सांगावे लागू नये.

समुद्रापार जाताना

परदेशी सहलीत पिशवीला कायद्याचीही मर्यादा असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे. दुबईला निघालेल्यांनी मसाल्यात आणि मिठाईत ती नाही ना, हे पाहूनच पुडी भरावी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सोबतचे सर्व खाद्यपदार्थ उतरताना जाहीर करावे लागतात. न्यूझीलंडमध्ये न जाहीर केलेल्या पुडीला जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. जाहीर केलेला कारखान्याच्या वेष्टनातला खाखरा बहुधा तपासून परत मिळतो. लपवलेला मिळत नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणात हातातल्या सामानात लोणच्याची बाटली नेऊ नये. द्रव पदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा आहे. नावे लिहिलेली, शाबूत वेष्टने आणि आत एक यादी, एवढ्याने तपासणीचा वेळ निम्मा होतो.

परतल्यावर एक छोटे काम करून ठेवावे. पिशवीत काय उरले आणि किती, हे नेलेल्या यादीच्या मागच्या बाजूला लिहावे: चिवडा ४०० ग्रॅम परत, सुखडी पहिल्याच दिवशी संपली, खाखऱ्याचे एक पाकीट उघडलेही नाही. हॉटेलने संध्याकाळी किती वाजता वाढले तेही लिहावे. उरलेले काळाच्या आत संपवावे किंवा इमारतीच्या पहारेकऱ्याला, घरकामाच्या बाईला वेळेत द्यावे. पुढल्या मेमध्ये भुलेश्वरला जाताना तोच कागद खिशात असला, तर अर्धा किलो की किलो, या प्रश्नाला घरातल्या कोणालाही उत्तर देता येईल.